फुटबॉलपटू घडविणाऱ्या शाळा : पुण्याचा अनुभव आणि आपण

अलीकडे आपल्या कुटुंबांतून एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. मुलगा, आणि आता मुलगीसुद्धा, फुटबॉल चांगला खेळते. तिला किंवा त्याला एखाद्या अकादमीत घालावे काय? पूर्वी अशा मुलाला वडीलधारी मंडळी सकाळी शाळेत आणि संध्याकाळी आखाड्यात पाठवीत, आणि खेळ हा शरीर कमावण्यापुरता आहे असे दोन्ही बाजू समजून चालत. आता खेळ हा चरितार्थाचा व्यवसाय होऊ शकतो. क्रिकेटची वाट आपणा बडोदेकरांना चांगली ठाऊक आहे. आपल्याच गावचे किरण मोरे यांच्या अकादमीतून हार्दिक आणि कृणाल पांड्या हे बंधू कसे पुढे आले, हे येथे कोणाला सांगावयास नको. फुटबॉलची वाट मात्र तितकी परिचित नाही. त्या वाटेवर काय लाभते, काय गमवावे लागते आणि मध्येच वाट खचली तर काय होते, हे समजावून सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आपल्याला जवळचे असे पुण्याचे उदाहरण घेतले आहे.

अकादमी या शब्दाचे दोन अर्थ

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मैदान भाड्याने घेऊन, महिन्याचे शुल्क आकारून, आठवड्यातून तीन दिवस शिकविणाऱ्या वर्गालाही आज अकादमी म्हणतात. असे वर्ग उपयुक्त असतात, यात शंका नाही. परंतु व्यावसायिक क्लबाची युवा अकादमी ही निराळी गोष्ट होय. क्लबाचा वरिष्ठ संघ हे तिच्या शिडीचे वरचे टोक असते. खालच्या पायऱ्यांवर तेरा, पंधरा, अठरा वर्षांखालील असे वयोगटांचे संघ असतात, आणि आपल्या वरिष्ठ संघाला लागणारे खेळाडू बाजारातून विकत घेण्याऐवजी घरीच तयार करावेत, हा तिचा उद्देश असतो. पहिल्या प्रकारच्या संस्थेत पालक पैसे देतात. दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत, निदान निवड झालेल्या मुलांपुरता, क्लब खर्च करतो. मुलाला कोठे पाठवीत आहोत हे ओळखण्याची ही पहिली खूण होय.

या पद्धतीचा नमुना युरोपात तयार झाला. ॲम्स्टरडॅमच्या आयॅक्स क्लबात योहान क्रायफ १९५७ साली आपल्या दहाव्या वाढदिवशी दाखल झाला आणि तेथूनच जगातील थोर खेळाडूंपैकी एक होऊन बाहेर पडला. स्पेनमधील बार्सिलोना क्लबाने १९७९ साली आपल्या मैदानाशेजारच्या एका जुन्या शेतघरात बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. ते घर १७०२ सालचे होते. ‘ला मासिया’ म्हणजे शेतघर, आणि हेच नाव पुढे त्या अकादमीला चिकटले. २००० साली अर्जेंटिनाहून आलेला तेरा वर्षांचा लिओनेल मेस्सी याच क्लबात वाढला. त्याची शारीरिक वाढ खुंटली होती आणि तिच्या उपचाराचा खर्च क्लबाने उचलला. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्तेविरुद्धच्या सामन्यात एक वेळ अशी आली की, बार्सिलोनाचे मैदानावरील अकराही खेळाडू याच अकादमीतून आलेले होते. शेतघर उघडल्यापासून या दिवसापर्यंत तेहतीस वर्षे लागली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे या आकड्याचे काम पडणार आहे.

निवड कशी होते आणि कोठे चुकते

अकादमीचे पहिले काम म्हणजे मुले निवडणे, आणि तेच सर्वांत अवघड आहे. बारा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो वीस वर्षांचा झाल्यावर कसा खेळेल हे सांगणे म्हणजे रोप पाहून आंब्याची गोडी सांगण्यासारखे आहे. येथे एक चूक जगभर होत आलेली आहे. वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, जरी त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. अकरा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे उंची, वजन आणि धावण्याचा वेग यांत पुष्कळच फरक. निवडणाऱ्याला वाटते की हा मुलगा गुणी आहे. वस्तुतः तो केवळ मोठा असतो. अनेक देशांतील अभ्यासांत असे आढळले आहे की, निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या प्रमाणाबाहेर जास्त असते. म्हणून चांगला प्रशिक्षक उंचीपेक्षा वेगळ्याच गोष्टी पाहतो: चेंडू पायाशी येण्यापूर्वी मुलगा मान वळवून सभोवार पाहतो काय, दोन्ही पाय वापरतो काय, चेंडू गमावल्यावर उभा राहतो की परत धावतो.

दुसरी अडचण आपल्या देशात विशेष आहे, ती म्हणजे खोट्या जन्मतारखांची. वय दोन वर्षे कमी दाखवून मुलाला खालच्या गटात खेळविले म्हणजे त्याला आज पदक मिळते. परंतु खऱ्या वयाच्या दुसऱ्या मुलाची जागा जाते आणि हा मुलगाही बरोबरीच्या खेळाडूंशी झुंजायला शिकत नाही. यावर उपाय म्हणून मनगटाच्या हाडांची तपासणी करतात. सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, २००९ पासून मनगटाच्या चुंबकीय चित्राचा उपयोग करीत आहे. पालकांनी हे ओळखून असावे की, ही लबाडी पुढे बहुधा उघडकीस येते आणि तिची शिक्षा मुलाला भोगावी लागते.

निवडीनंतरचा क्रम असा. लहान वयात चेंडूशी मैत्री, छोट्या मैदानावर चार-पाच जणांचे खेळ आणि शक्य तितक्या वेळा चेंडूला स्पर्श. तेरा-चौदाव्या वर्षापासून जागा राखणे, संघाने मिळून चढाई व बचाव करणे. सोळानंतर ताकद, सहनशक्ती आणि मोठ्यांशी सामने. मुले झपाट्याने उंच होतात त्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागणे ही नेहमीची तक्रार आहे. हाड स्नायूपेक्षा लवकर वाढते आणि स्नायूचा ताण हाडाच्या कोवळ्या टोकावर पडतो, हे तिचे कारण. अशा वेळी मुलाला ‘सहन कर’ म्हणून धावविणारी अकादमी वाईट, आणि सराव कमी करणारी चांगली, असे खुशाल समजावे.

पुण्याची कहाणी

आता आपल्या मुद्द्याकडे वळू. पुणे शहराने गेल्या काही वर्षांत व्यावसायिक फुटबॉलच्या अकादमींचा उदय आणि अस्त असा पाहिला आहे की, त्यावरून पुष्कळ शिकता येते.

२००७ साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे फुटबॉल क्लब स्थापन केला. हा संघ देशाच्या तत्कालीन सर्वोच्च स्पर्धेत, आय-लीगमध्ये, पोहोचला आणि २०१२-१३ च्या हंगामात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. २०११ च्या सुमारास या क्लबाने निवासी युवा अकादमी सुरू केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले आणून त्यांच्या राहण्याची, आहाराची, शाळेची आणि सरावाची सोय एके ठिकाणी करावयाची, ही तिची पद्धत होती. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा या अकादमीचा एक विद्यार्थी. २०१६ साली तो स्पेनमधील व्हियारेआल क्लबाच्या खालच्या संघात खेळावयास गेला आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताकडून खेळला.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याचा जन्म २००० सालचा. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याचे प्राथमिक शिक्षण झाले, पुढे तो पुणे एफ. सी. च्या युवा संघात आला आणि तेथून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या राष्ट्रीय युवा संघात गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक भरला, तेव्हा तो आपल्या संघाच्या आघाडीच्या फळीत होता. त्याच चमूत अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा बचावपटूही होता. भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला, हे खरे. तथापि ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला. अनिकेतच्या वाटचालीतली मुख्य गोष्ट अशी की, सरकारी प्रबोधिनी, खाजगी क्लब आणि राष्ट्रीय महासंघ या तिघांनी एका मुलाला हातोहात पुढे नेले. कोणा एकाचे ते श्रेय नाही.

पुण्यातच डी. एस. के. शिवाजियन्स या संघाने २०१४ च्या सुमारास इंग्लंडच्या प्रख्यात लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने आणखी एक निवासी अकादमी काढली. मिझोरमच्या लुंगलेई गावचा लालियनझुआला छांगटे तेथे घडला. २०१५ साली, अठरा वर्षांचा असताना, तो भारताच्या वरिष्ठ संघात आला आणि २०२२-२३ साठी महासंघाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गौरविले.

हे सारे ऐकून कोणालाही वाटेल की, पुणे आता भारतीय फुटबॉलचे माहेरघर झाले असेल. प्रत्यक्षात घडले ते असे. २०१५ साली पुणे एफ. सी. चा वरिष्ठ संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच सुमारास शहरातला भारत एफ. सी. हा संघही एकाच हंगामानंतर मिटला. पुणे एफ. सी. ची अकादमी २०१६ साली इंडियन सुपर लीगमधील एफ. सी. पुणे सिटी या क्लबाने आपल्याकडे घेतली. डी. एस. के. शिवाजियन्सचा पुरस्कर्ता उद्योगसमूह आर्थिक अडचणीत आला आणि २०१७ नंतर तो संघ आय-लीगमध्ये दिसला नाही. २०१९ साली एफ. सी. पुणे सिटीही संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. बारा वर्षांच्या आत एवढ्या क्लबांचे असे झाले. बार्सिलोनाला अकरा घरचे खेळाडू मैदानात उतरविण्यास तेहतीस वर्षे लागली, हे वर सांगितलेच आहे. मुलगा तयार होण्यास आठ-दहा वर्षे लागतात आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा क्लब मात्र चार-पाच वर्षांत मावळतो, ही या कहाणीतील खरी गोम आहे.

हा दोष एकट्या पुण्याचा नव्हे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० साली बंद झाला. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने मात्र युवा संघांचे काम सोडले नाही आणि २०२४ साली दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळविला. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ साली निघाली, ती कोणत्याही एका हंगामाच्या हारजितीवर अवलंबून नव्हती. म्हणूनच तिच्यातून कार्ल्टन चॅपमन, रेनेडी सिंग, दीपक मोंडल, आणि धेंपोच्या बचावफळीत पुढे नाव कमावलेला गोव्याचा महेश गवळी असे खेळाडू एकामागून एक निघाले.

पैसा कोठून येतो

क्लब का टिकत नाहीत, हे समजण्यासाठी जमाखर्च पाहिला पाहिजे. निवासी अकादमीचा खर्च नित्याचा असतो: मैदान, प्रशिक्षक, स्वयंपाकघर, डॉक्टर, शाळा, प्रवास. उत्पन्न मात्र केव्हातरी आणि अनिश्चित. फिफाने २००१ पासून असा नियम केला आहे की, करार चालू असताना एखादा व्यावसायिक खेळाडू परदेशच्या क्लबात गेला आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकविणाऱ्या क्लबांत वाटावेत. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक हंगामास पाव टक्का आणि सोळा ते तेवीस या वयाच्या प्रत्येक हंगामास अर्धा टक्का, असा तो हिशेब आहे. समजा, रक्कम एक कोटी रुपये ठरली. तर मुलाला बारा ते पंधरा अशी चार वर्षे शिकविणाऱ्या संस्थेच्या वाट्याला एक लाख रुपये येतील. चार वर्षांचे जेवणसुद्धा त्यात भागणार नाही. शिवाय भारतीय खेळाडूची अशी परदेशी विक्री अजून विरळाच होते. तात्पर्य, आपल्याकडील अकादमी ही आज तरी नफ्याचा धंदा नाही. ती पुरस्कर्त्याच्या औदार्यावर चालते, आणि औदार्य हे ताळेबंदाबरोबर वरखाली होते.

टिकते ते काय

याच्या उलट चित्र कोल्हापूरचे. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांसारख्या, मुळात कुस्तीच्या, तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. त्यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि पेठेच्या पेठा ते पाहावयास लोटतात. या तालमी परदेशी प्रशिक्षक आणू शकत नाहीत, निवासी सोयी देऊ शकत नाहीत. परंतु त्यांचा मालक कोणी एक नाही, पेठ हीच त्यांची मालक, म्हणून त्या एका ताळेबंदाने बुडत नाहीत. अनिकेत जाधवसारख्याची पहिली आवड अशाच वातावरणात रुजते.

आपल्या बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. जुम्मादादांच्या आखाड्याचा भार त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी उचलला आणि गुरूच्याच नावाने तो नावारूपास आणला. उस्ताद मुसलमान, शिष्य हिंदू, आणि दोघांच्याही पश्चात जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव राहिले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात लागू केले. मधली तेरा वर्षे त्यांनी अनुभव घेण्यात घालविली. मुलांसाठी काही उभारावयाचे तर प्रथम लहान प्रमाणावर, परंतु न थांबता, ही त्यातील शिकवण होय.

पालकांनी काय विचारावे

मुलाला अकादमीत धाडण्यापूर्वी पुढील गोष्टी तोंडी नव्हे, लेखी विचारून घ्याव्यात. मुलाची शाळा कोणती आणि दहावी-बारावीच्या परीक्षेची जबाबदारी कोणाची? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची सोय खेळाडूंना उपयोगी पडते, पण तिचा अभ्यास करून घेणारा शिक्षक तेथे आहे काय? दुखापत झाल्यास खर्च कोण करणार? दरवर्षी किती मुलांना घरी पाठवितात, आणि पाठविताना त्यांना काही मार्गदर्शन मिळते काय? क्लब बंद पडल्यास मुलांचे काय? हा शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच वाटेल. पुण्याची कहाणी वाचल्यावर तो वाटू नये.

परदेशाच्या आमिषापासून विशेष सावध असावे. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील मुलाची परदेशी क्लबात नोंदणी, थोडे अपवाद सोडले तर, होऊ शकत नाही. आईवडील खेळाखेरीज दुसऱ्या कारणाने त्या देशात राहावयास गेले असतील, तर हा त्या अपवादांपैकी एक. तेव्हा ‘चौदा वर्षांच्या मुलाला युरोपातल्या क्लबात घालतो, इतके लाख भरा’ असे कोणी म्हणाल्यास त्याला दारातूनच निरोप द्यावा.

गुजरातेतही आता वाटा उघडल्या आहेत. २०१० पासून भरणाऱ्या खेल महाकुंभात गावोगावची मुले उतरतात आणि राज्य शासनाच्या जिल्हा स्तरीय क्रीडा शाळांत निवासासह शिक्षण मिळते. घराजवळची ही सोय आधी पाहावी, दूरची नंतर.

संस्थेने काय करावे

धर्मादाय संस्थेने स्वतः फुटबॉल अकादमी काढावी असे प्रस्तुत लेखक म्हणत नाही. ते आपल्या आवाक्यातले काम नव्हे, आणि अर्धवट उघडून मिटलेल्या दाराने मुलांचे अहितच होते. परंतु क्लबांना जे जमत नाही ते आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि ते म्हणजे सातत्य. अकादमीत गेलेल्या मुलाचे शालेय शुल्क आणि पुस्तके यांचा भार संस्थेने बारावीपर्यंत उचलावा. मग क्लब राहो वा न राहो. अठराव्या वर्षी निवडीतून गळून परत आलेल्या मुलाला महाविद्यालयात किंवा एखाद्या धंदेशिक्षणात बसविण्यासाठी वर्षभराचे साहाय्य राखून ठेवावे. परत आलेला मुलगा नापास झालेला नसतो. पहाटे उठणे, दुसऱ्याला चेंडू देणे आणि हरल्यावर पुन्हा उभे राहणे, हे तो शिकून आलेला असतो. अशा मुलाला प्रशिक्षकाच्या परीक्षेस बसवून आपल्या वस्तीतील लहान मुलांना शिकविण्यास लावले, तर त्याचे शिक्षण त्याच्यापुरते राहणार नाही.

पुण्यातील क्लब गेले, पण छांगटे, कुरुनियन, जाधव हे खेळाडू राहिले. यावरून पुरस्कर्त्यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. तथापि ज्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत अशीही मुले त्याच खोल्यांत राहत होती. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर ऐन वयात निघाले, तेव्हा त्यांच्यापैकी ज्यांच्या हाती शाळेचे प्रमाणपत्र होते त्यांना दुसरी वाट धरणे सोपे गेले असेल. खेळ मुलाला मोठा करील; पण तो पडला तर सावरणारा हात समाजाचाच असावा लागतो. आपल्या संस्थेचा हात असाच पुढेही राहो, हीच या महोत्सवाच्या प्रसंगी इच्छा.